धाव, रूळ आणि टायर : येरमाळ्याच्या वाटेवरील झिजेचा इतिहास

येरमाळा हे चौफुलीचे गाव आहे. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी असा येऊन पुढे बीड, धुळ्याकडे जाणारा हमरस्ता आणि बार्शीहून पांगरीमार्गे कळंबकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. बालाघाटाच्या डोंगरावर येडेश्वरीचे देऊळ आहे. चैत्र पौर्णिमेस तिची यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी पालखी खाली उतरते आणि भाविक चुनखडीचे खडे वेचतात. त्या चार दिवसांत चाकाचा एकही प्रकार या रस्त्यावर दिसल्यावाचून राहत नाही. बैलगाडी येते, ट्रॅक्टर येतो, एसटी येते, टेम्पो येतात आणि मोटारी तर अगणित येतात.

अशाच एका चैत्रात आमची मोटार येथे अडली. पुढच्या डाव्या चाकाच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत होऊन तार दिसू लागली होती आणि बाहेरची नक्षी मात्र जवळजवळ नव्यासारखी होती. पाचच महिन्यांपूर्वी एका शहरात आम्ही पुढचे दोन्ही टायर नवे घातले होते. त्याही वेळी जुने टायर असेच एका कडेने गेले होते. दुकानदारास विचारले असता "रस्तेच तसे आहेत" एवढेच उत्तर मिळाले आणि आम्हीही त्यावर समाधान मानून पैसे मोजले. येरमाळ्याच्या टायरवाल्याने मात्र चाक उतरवून जमिनीवर आडवे केले, नक्षीवरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवला आणि तो म्हणाला, "मालक, टायर देतो बदलून, पर चार महिन्यांनी पुन्हा हेच होणार. आधी चाक सरळ करून घ्या."

त्या तळहाताने जे वाचले, त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. तो या वाटेच्या आधाराने सांगावा, एवढाच आमचा हेतू आहे. चाक आणि वाट एकमेकांवर टेकली की दोघांपैकी एकास झिजणे भाग पडते. कोणी झिजावे आणि त्या झिजेचे मोल कोणी भरावे, हा प्रश्न लोखंडाच्या युगाने एका रीतीने सोडविला, पोलादी रुळाने दुसऱ्या रीतीने आणि रबराने तिसऱ्या. मोटारीचा टायर वाकडा झिजतो तेव्हा आपण उत्तर विसरलेलो नसतो, प्रश्नच विसरलेलो असतो.

या भागात चाकांची वर्दळ फार जुनी आहे. येडशीच्या पलीकडचे तेर हे गाव आपण गोरोबाकाकांचे म्हणून ओळखतो. आणि तेथे चाक म्हटले की कुंभाराचेच आधी डोळ्यांपुढे येते. पण हेच तेर म्हणजे प्राचीन तगर नगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्द्याच्या ग्रंथात, ज्यास 'पेरिप्लस' म्हणतात, या तगराचा उल्लेख आहे. तेथून साधे कापड आणि मलमल गाड्यांत घालून, धड वाट नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या टापूत गाड्यांची ओझी होती आणि रस्त्यांची रड होती. रस्त्याची तक्रार ही आपल्या काळाची खास मिरास नव्हे, हे ध्यानात घेतलेले बरे.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात तिला आपण 'धाव' म्हणतो. मोटेचे बैल ज्या उतारावरून दोर ओढीत जातात तिलाही धावच म्हणतात. चाकाची धाव चढविणे हे लोहाराच्या कसबाचे काम असे. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवावयाचा, गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईतो तापवावयाची, फुगलेली असतानाच सांडशीने धरून चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. लोखंड आवळते आणि आरे, पाटे, तुंबा हे सारे एकजीव होतात. खिळ्यापेक्षा हा आवळ अधिक भरवशाचा. उलट, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आटले की धाव ढिली पडते, आणि मग शेतकरी चाके काढून ओढ्याच्या डोहात भिजत घालतो, हे आमच्या श्रोत्यांपैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असेल.

आता या धावेच्या झिजेकडे पाहू. गाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी फिरते, आणि दोघांचे एकमेकांवर काही बंधन नसते. दिशा बदलण्याचे काम बैलांचे. चाकास कधी आडवे घासत जावे लागत नाही. म्हणून धाव वर्षानुवर्षे सारखी झिजे. ती एका कडेने झिजू लागली तर त्याचा अर्थ एकच असे. तुंब्यातील भोक रुंद झाले आहे किंवा आस वाकला आहे आणि चाक डुलत चालले आहे. जाणता लोहार अशा वेळी धावेस हात लावण्याआधी सुताराकडे पाठवी. गाडीखाली टांगलेल्या वंगणाच्या नळ्याकडेही त्याची नजर जाई. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा होते असे आपण उपहासाने म्हणतो खरे, पण तो नळा कोरडा असेल तर आस आणि चाक दोन्ही जातात. बलुत्याच्या व्यवस्थेत लोहाराला तीच धाव पुन्हा पुन्हा चढविण्यात काही लाभ नव्हता. त्याचे धान्य वर्षाचे ठरलेले. हे आम्ही बलुत्याचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. त्या पद्धतीत इतर अन्याय पुष्कळ होते. पण दुरुस्ती करणाऱ्याचा फायदा दुरुस्ती टिकण्यात असावा, एवढी एक गोष्ट तीत होती.

अशा रीतीने धाव टिके आणि झीज रस्त्यावर पडे. सुमारे दोन-तीन बोटे रुंदीच्या पट्टीवर खंडीभर ओझे टेकले की खालचा मुरूम चिरडला जातो. त्याच ओळीने पुढची गाडी जाते आणि त्याच ओळीने तिच्या मागची. यातून 'चाकोरी' निर्माण होते. आपण आज चाकोरी हा शब्द केवळ कंटाळवाण्या जीवनक्रमासाठी वापरतो. काळ्या रानात आषाढात गाडी हाकणाऱ्यास मात्र ती चाकाच्या तुंब्यापर्यंत पोहोचणारी वस्तुस्थिती होती. तीतून गाडी बाहेर काढताना झिजत असत ते बैलांचे खांदे. झिजेचा हिशेब मांडताना हा खर्च कोणत्याही खात्यात लिहिला गेला नाही.

दुसरे युग बार्शीकडून आले. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने बांधलेली अडीच फूट रुंदीची 'बार्शी लाईट' रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ साली लातूरपर्यंत गेली. येडशी हे तिचे एक स्थानक होते. कॅल्थ्रॉपचा विचार साधा, पण दूरगामी होता. इंजिन असो वा मालाचा डबा, प्रत्येक आसावर येणारा भार पाच टनांपुरता आणि सर्वत्र सारखा ठेवावयाचा. तसे केले की हलके रूळ पुरतात आणि हलक्या रुळांवरही भरपूर माल जातो. भार सम तर झीज सम, हे तत्त्व येरमाळ्याच्या शेजारी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लोखंडात उतरले होते, आणि जगातील अरुंद रेल्वे बांधणाऱ्यांनी त्याची दखल घेतली.

गंमत अशी की आगगाडीच्या चाकावर जे पोलादी कडे चढवीत, त्यासही 'टायर' असेच नाव होते, आणि ते चढविण्याची रीत आपल्या धावेचीच. तापवून फुगवावयाचे आणि गार करून आवळावयाचे. मात्र येथे झिजेची मोजदाद होऊ लागली. चाकाची कड किती पातळ झाली, घेर कोठे खोलगट झाला, हे मापाने पाहून चाक खरादावर चढवीत आणि त्याचा मूळ आकार पुन्हा कोरून काढीत. कुर्डुवाडीच्या कारखान्यात हे काम चाले. ही कंपनी १९५४ साली सरकारने घेतली आणि २००८ च्या सुमारास तो अरुंद रस्ता मोठ्या मापाचा झाला. पण मापाने झीज पाहण्याची जी शिस्त रेल्वेने या भागात आणली, ती रस्त्यावरच्या वाहनांपर्यंत पोहोचावयास फार वेळ लागला. काही अंशी ती अद्याप पोहोचलेली नाही.

आता रबराकडे वळू. रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर यास १८३९ साली सापडली. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली घेतले. पण ते काळाच्या फार पुढे होते, आणि लोक विसरून गेले. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधली. डनलॉप हा पेशाने गुरांचा डॉक्टर होता. पुढे आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीस लोक सर्रास 'डनलॉप गाडी' म्हणू लागले. एका पशुवैद्याचे नाव बैलांच्याच मागे लागावे, हा योगायोग आम्हांस मोठा न्यायाचा वाटतो. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेचे टायर मोटारीस लावून दाखविले. वाटेत ते असंख्य वेळा फुटले, पण गाडी मुक्कामास पोहोचली. आरंभीचे टायर फिकट रंगाचे असत आणि लवकर झिजत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रबरात काजळी मिसळू लागले, तेव्हा टायर काळा झाला आणि त्याचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले. टायरचा काळा रंग शोभेचा नाही, तो टिकाऊपणाचा आहे.

रबर आले आणि रस्ता व चाक यांच्यातील जुना करार मोडला. हवेच्या टायरचा रस्त्यावरील दाब जवळपास आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. म्हणून हजार किलोची मोटार चार तळहातांएवढ्या जागेवर अलगद उभी राहते. खडीस ती चिरडत नाही. परंतु तिने दुसरेच एक संकट आणले. खडीच्या सडकेवर लोखंडी धाव दगड घासून जी भुकटी करी, तीच पाण्याने बसून खडीस धरून ठेवी. वेगाने धावणारा रबरी टायर ती भुकटी उडवून नेऊ लागला. खडी सुटी झाली, आणि मग तीच सुटी खडी धावेने चिरडली. लोखंड व रबर एकाच रस्त्यावर आले आणि दोघांनी मिळून रस्ता संपविला. १९२७ साली भारत सरकारने रस्त्यांच्या प्रश्नासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे जयकर. समितीच्या अहवालानंतर १९२९ पासून पेट्रोलच्या दर गॅलनमागे दोन आणे रस्तानिधीसाठी वेगळे काढण्यात येऊ लागले. झिजेचे मोल वापरणाऱ्याने भरावे, ही कल्पना त्यामागे होती. डांबराचे रस्ते पसरू लागले ते यानंतर. रस्ता कठीण झाला, चाक मऊ झाले, आणि झिजण्याची पाळी चाकावर आली.

येरमाळा तेव्हा निजामाच्या मुलखात होते आणि बार्शी इंग्रजांच्या. निजामाच्या रेल्वेखात्याने जून १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. तिकडे सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी मोटारी आपल्याकडेच बनाव्यात असा ध्यास घेतला आणि त्यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. टायरचा कारखाना त्याच्याही आधी, १९३६ साली, डनलॉपने बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे काढला होता. मधल्या काळात महायुद्धाने रबराचे मोल सर्वांस शिकविले. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलाया व जावा जपानच्या हाती गेले आणि जगाचे बहुतेक नैसर्गिक रबर एका झटक्यात नाहीसे झाले. टायर परवान्याची वस्तू झाली. त्या पिढीच्या ड्रायव्हरांनी चाकांची अदलाबदल, हवेचे माप, टायरवर नवा थर चढविणे ही विद्या गरजेपोटी आत्मसात केली. स्वातंत्र्यानंतरही टंचाई सरली नाही. मद्रासच्या मामेन माप्पिल्लै यांनी १९५२ साली जो धंदा धरला, तो टायरचा नव्हता, जुन्या टायरवर चढवावयाच्या रबराचा होता. एसटीनेही टायरवर पुन्हा थर चढविण्याचे स्वतःचे कारखाने काढले. तरीही जो टायर कामातून जाई, त्याच्या चपला होत. मराठवाड्यातील कित्येक पाय या टायरच्या चपलांनी काट्यांपासून वाचविले आहेत.

आता आमच्या मोटारीच्या त्या डाव्या चाकाकडे परत यावयास हरकत नाही. बैलगाडीस जी अडचण कधी आली नाही, ती चारचाकीस का यावी? वळणावर आतल्या चाकास लहान वर्तुळ काढावे लागते, बाहेरच्यास मोठे. पुढची दोन्ही चाके अगदी समांतर वळविली, तर एक तरी आडवे घासत जाणार. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्श्पर्गर या गाडी बनविणाऱ्याने १८१७ साली यावर तोड काढली. आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे जास्त वळेल अशी सांध्यांची रचना त्याने केली. लंडनमध्ये १८१८ साली तिचे पेटंट रुडोल्फ आकरमानच्या नावाने निघाले, आणि जग आजही त्या रचनेस आकरमानचेच नाव देते. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असे इतिहासात नेहमीच घडते. मागच्या चाकांपुढचा असाच प्रश्न फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याने १८२७-२८ च्या सुमारास दातेरी चक्रांच्या युक्तीने सोडविला. आपण तिला डिफरन्शियल म्हणतो. बैलगाडीत ज्या गोष्टी आपोआप होत, त्या मोटारीत सांधे, दांडे, चक्रे यांच्याकडून करवून घ्याव्या लागतात. सांधा ढिला पडला वा खड्ड्यात दांडा किंचित वाकला की ही सारी व्यवस्था बिघडते, आणि ती बिघडली हे प्रथम टायर सांगतो.

टायर कसे सांगतो ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथेच बहुतेक मालकांचे पैसे जातात.

हवा कमी असेल तर टायर मधून आत दबतो आणि दोन्ही कडा झिजतात. हवा जास्त असेल तर तो मधून फुगतो आणि मधला पट्टा जातो. या दोन खुणा सर्वांत सोप्या आहेत आणि त्यांचा इलाज पाच मिनिटांचा आहे. हवा सकाळी, चाके गार असताना मोजावयाची, आणि मोटारीच्या दाराच्या चौकटीवर जितके पौंड लिहिलेले असतात तितकी भरावयाची. ड्रायव्हरच्या सवयीने किंवा पंपावरच्या पोराच्या अंदाजाने ती भरू नये.

एकच कड झिजली असेल तर चाक उभे नाही, वरून आत किंवा बाहेर कललेले आहे, असा संशय घ्यावा. या कलास कारागीर कॅम्बर म्हणतात. पण एका कडेच्या झिजेचे आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक वेळा आढळते. पुढची दोन चाके वरून पाहिली असता पुढच्या बाजूस एकमेकांकडे वळलेली किंवा एकमेकांपासून फाकलेली असतात. याला टो म्हणतात. टायरवाल्याने तळहात दोन दिशांनी का फिरविला, ते यावरून कळेल. टो बिघडला असेल तर नक्षीचा प्रत्येक ठोकळा एका बाजूने धारदार होतो. हात एका दिशेने सरळ सरकतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा अडतो. नुसत्या डोळ्यास हे दिसत नाही. आमच्या टायरवर हात बाहेरून आत नेताना अडत होता.

हा बिघाड किती लहान असतो आणि काय करतो, याचे आम्ही त्याच सायंकाळी गणित करून पाहिले. सहाशे मिलिमीटर व्यासाच्या चाकांच्या जोडीत पुढचे अंतर आणि मागचे अंतर यांत अवघा तीन मिलिमीटरचा नको असलेला फरक आहे असे धरा. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्यास दीड मिलिमीटर आला, अर्थात व्यासाचा चारशेवा हिस्सा. म्हणजे मोटार चारशे मीटर पुढे गेली की प्रत्येक टायर जमिनीवर एक मीटर आडवा घासलेला असतो. शंभर किलोमीटरच्या प्रवासात हे अडीचशे मीटर होते. कोणी आपली मोटार दोरखंडाने बांधून अडीचशे मीटर आडवी फरफटत नेली तर आपण त्याला मारावयास धावू. स्वतःच्या मोटारीवर हेच रोज होते आणि आपण रस्त्यास दोष देतो.

टायरवर घेराभोवती मधूनमधून वाट्यांसारखे खळगे पडले असतील, तर धक्का शोषणारे दांडे, म्हणजे शॉकअब्सॉर्बर, थकले आहेत किंवा चाकाचा तोल गेला आहे. चाक रस्त्यावर उड्या मारीत चालते आणि जेथे आपटते तेथे रबर जाते. अशा मोटारीस नवे टायर घालणे म्हणजे डुलणाऱ्या चाकावर नवी धाव चढविणे होय. जुना लोहार हे करीत नसे.

टायर बदलण्याच्या बाबतीतही जुन्या व नव्या काळाचे नियम वेगळे आहेत, आणि येथे आम्हांस आमच्याच पिढीच्या ड्रायव्हरांशी मतभेद नोंदविला पाहिजे. दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील तर ते पुढे घालावेत, ही त्यांची शिकवण. सुती आणि नायलॉनच्या तंतूंचे, ट्यूब असलेले टायर अचानक फुटत. पुढचे चाक फुटले की सुकाणू हातातून जाई. म्हणून त्या काळी या शिकवणीत अर्थ होता. मिशेलिनने १९४६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले त्या रेडियल टायरने आणि पुढे बिनट्यूबच्या टायरने परिस्थिती पालटली. आज धोका अधिक आहे तो ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरण्याचा. पुढचे चाक घसरले तर मोटार सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की ताब्यात येते. मागचे घसरले तर ती भोवऱ्यासारखी फिरते, आणि सामान्य माणसास तेथे काही करता येत नाही. म्हणून नवी जोडी मागे आणि निम्मी झिजलेली पुढे, हे आजचे मत आहे. येरमाळ्याच्या घाटात पहिल्या पावसाने रस्ता निसरडा होतो तेव्हा या मतभेदाचा निकाल शब्दांनी लागत नाही.

मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की तो टायर रस्त्यावर वापरू नये, असा आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे लहान उंचवटे कारखान्यातच ठेवलेले असतात. नक्षी त्यांच्या पातळीस आली की टायर संपला. वाकडी झीज असेल तर सर्वांत झिजलेली कड पाहावी. मधल्या नक्षीवर विसंबून राहू नये, कारण टायर फुटतो तो कडेतून. बगलेवरील चार आकडे वाचता आले पाहिजेत. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. मोटार कमी फिरते म्हणून आठ-दहा वर्षांचे टायर वापरणारे लोक आम्ही पाहिले आहेत. नक्षी शाबूत असते, पण मराठवाड्याच्या उन्हात रबर तडकलेले असते. आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरनंतर पुढची चाके मागे व मागची पुढे करावीत, म्हणजे चौघांचे आयुष्य बरोबरीने संपते. कॅल्थ्रॉपने आसांना जो न्याय दिला, तोच हा.

यात जादा चाकासही विसरू नये. त्यास आपण 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधील लानेल्ली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जोडचाक विकावयास काढले. त्या गल्लीचे नाव आपल्या भाषेत घरचे होऊन बसले आहे. आमच्या स्टेपनीत त्या दिवशी हवा नव्हती, हे येथे कबूल करणे भाग आहे.

या साऱ्यात मोटारवाल्यांचे नुकसान पैशांचे आहे. ज्यांचे त्याहून अधिक आहे, तेही याच चौफुलीवरून जातात. दिवाळीच्या आसपास बीड, वाशी, कळंबकडचे ऊसतोडकरी पश्चिमेकडच्या कारखान्यांवर निघतात. त्यांच्या टोळ्यांची नावेच चाकावरून पडली आहेत. स्वतःच्या लोखंडी धावेच्या गाडीचे ते गाडी सेंटर, कारखान्याकडून मिळालेल्या रबरी गाडीचे ते टायर सेंटर, आणि ज्यांच्याजवळ कोणतेच चाक नाही त्यांचे डोकी सेंटर. टायरच्या गाडीने बैलांवरचे ओझे हलके होईल अशी अपेक्षा होती. घडले असे की गाडी हलकी चालते म्हणून तीत ऊस जास्त भरला गेला. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा जन्मभर पाठपुरावा केला, पण चाक सुधारून भागत नाही, भारही बांधावा लागतो, हे येथे आजही दिसते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांवर जी मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळा पट होते. उसाने ओथंबलेला ट्रक रस्ता खचवितो, त्या खचलेल्या रस्त्याने मोटारीचा दांडा वाकतो आणि टायर कडेने जातो. तेव्हा "रस्तेच तसे आहेत" हे त्या शहरी दुकानदाराचे उत्तर निखालस खोटे होते असे नाही. ते अपुरे होते, आणि त्याच्या गल्ल्यास सोयीचे होते.

येरमाळ्याच्या टायरवाल्याने स्टेपनीत हवा भरली, तीच पुढे चढविली आणि "जपून जा, साठाच्या वर नेऊ नका" असे बजावले. नवा टायर त्याच्या दुकानात होता. त्याने तो आम्हांस विकला नाही. धाराशिवात जाऊन चाकांची अलाइनमेंट पाहिली, तेव्हा डाव्या बाजूचा सांधा ढिला निघाला. तो बदलण्यास जो खर्च आला तो एका टायरच्या किमतीच्या चौथाईहून कमी होता. सांधा बदलल्यावर मगच दोन टायर घेतले आणि ते मागे घातले. परतीच्या वाटेवर आम्ही त्याच्या दुकानाशी थांबलो. आमचा जुना टायर तेथेच होता; शेजारच्या शेतकऱ्याने तो मधोमध कापून शेळ्यांना पाणी ठेवावयास नेण्याचे ठरविले होते. टायरवाल्याने न सांगताच पुढच्या दोन्ही चाकांवरून तळहात फिरविला, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत, आणि चहा मागविला.